दिव्यानीनं लावलेली हिरवी खूण

दिव्यानी आमच्या मागच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक लॅपटॉप, पुस्तकांच्या दोन जड पिशव्या आणि घरून आणलेला मोहफुलांचा डबा एवढंच सामान होतं. जिवतीच्या डोंगरावरच्या गोंड वस्तीतली मुलगी. चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकली. घरी नेट येत नाही म्हणून राजुऱ्यात खोली शोधत आमच्या दारात आली. शेजारणीनं मला भिंतीवरून विचारलं, "रुखमाबाई, आदिवासी पोरगी ठेवली काय घरात?" मी म्हटलं, "पोरगी ठेवली. माह्या आधी उठून तुळशीले पाणी टाकते."

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की मी वहीत दिवसाच्या चार ओळी लिहिते. गेलं वर्षभर त्या ओळींत देवापेक्षा दिव्यानीच जास्त आली आहे. तिचं सलग लिहावं असं कितीतरी दिवस मनात होतं, पण हात धजत नव्हता. आज लिहिते.

ती अ‍ॅप बनवत होती. नागपूरच्या एका संस्थेनं तिला हे काम दिलं होतं. त्यांच्या शिबिरात कुणीतरी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचं अ‍ॅप दाखवलं. त्या लोकांना जहाजांतून गुलाम करून नेलं, त्यांची नावं बदलली, आणि पुढे त्यांचा इतिहासही मालकांनीच लिहिला. आता त्यांची नातवंडं तो इतिहास तपासून, कुठून घेतला ते सांगून, मोबाईलवर शिकवतात. दिव्यानी मला हे सांगताना भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. "काकू, त्यांचं अन् आमचं सारखंच आहे. आमचे राजे होते, किल्ला बांधला, तलाव बांधले. पण पोरं मोबाईलवर पाहतात तं कोणी काहीही फेकून राह्यलं. एक व्हिडिओ म्हणते गोंड अमक्या देशातून आले, दुसरा म्हणते तमक्या ग्रहावरून."

"ग्रहावरून?"

"हो ना! अन् लाखभर लोकं पाहतात."

म्हणून तिला खात्रीचा इतिहास करायचा होता. तिची पद्धत अशी: एखादी गोष्ट दोन वेगवेगळ्या छापील पुस्तकांत सापडली तरच तिच्यापुढे हिरवी खूण लावायची. एकाच ठिकाणी सापडली तर पिवळी. नुसतं कुणी तोंडी सांगितलं असेल तर खूणच नाही. संस्थेच्या लोकांना ही पद्धत फार आवडली होती.

ती आधी कागदावर चौकोन काढी, मग तेच चौकोन मोबाईलवर येत, मग मोबाईल माझ्या हातात येई.

"काकू, हे दाबा."

"काऊन दाबू? बिघडलं तं?"

"बिघडावं म्हणूनच देऊन राह्यली. तुमच्या हातानं नाई बिघडलं तं मंग कोणाच्याच हातानं बिघडत नाई."

आमचे मालक ओसरीवरून ओरडत, "बरोबर माणूस पकडला! आमच्या घरचं मिक्सर गेलं, टीव्ही गेला. तुहं अ‍ॅप काय टिकते!" मालकांचं नाव मी घेत नाही, गावात त्यांना गुणवंतराव म्हणतात. पण रात्री जेवण झाल्यावर तेच चष्मा लावून चंद्रपूरच्या किल्ल्याचं पान वाचत बसत, आणि मला म्हणत, "इतकी वर्षं जटपुरा गेटातून गाडी नेतो, कोणी बांधला हे कधी मनातच नाई आलं."

त्या अ‍ॅपमध्ये एक पान होतं, 'आपलं कुळ'. आडनाव टाकलं की त्या कुळाचे देव किती आणि कुळाचं पूजेचं झाड कोणतं ते येई. आमच्यात जसं लग्नाआधी देवक, कुळी पाहतात, तसं गोंडांमध्ये देवांची संख्या पाहतात. कुणाचे चार देव, कुणाचे पाच, सहा, सात. ज्यांची संख्या सारखी ते एकमेकांचे भाऊ. त्यांच्यात सोयरिक होत नाही. संख्या वेगळी असेल तरच मुलगी द्यायची-घ्यायची. हे मला दिव्यानीनंच समजावलं. पुढे ज्या दोन घरांची गोष्ट येते त्यांची आडनावं मी लिहीत नाही. आडनाव लिहिलं की देव कळतात, आणि त्यांच्या देवांवर पुरेसं बोलून झालेलं आहे.

दिव्यानीच्या काकाची मुलगी मंगली. काका तिच्या लहानपणीच गेले, म्हणून दिव्यानीचे वडील पत्रूभाऊ यांनीच तिला मोठं केलं. मंगलीची सोयरिक गडचिरोलीकडच्या धनराजशी जुळली होती. धनराज गाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. दोघांची ओळख एका लग्नात झाली, मग फोनवर बोलणं, मग घरच्यांना सांगणं. मंगली आमच्याकडे आली की फोन कानाला लावून घरामागच्या सांदवाडीत फेऱ्या मारी, आणि मी म्हणे, "अवो, ते वांग्याचे वाफे तुडवू नको, लग्नात भाजी लागन."

दिवाळीनंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. आम्हा दोघांना बोलावणं होतं. आमच्याच गाडीनं गेलो. डोंगरावर पत्रूभाऊंच्या अंगणात हिरवा मांडव घातलेला, सारवण अजून ओलं. धनराजकडची मंडळी दुपारी आली. त्यांच्यात वडीलधारे म्हणजे धनराजचे काका लच्छूभाऊ. मोठा आवाज, मोठ्या मिशा, हसायला मोकळे. आल्या आल्या मालकांना म्हणाले, "कुणबी पाव्हणा आला म्हणजे आज वरणात तूप पडते!"

जेवणाला वेळ होता. पत्रूभाऊंना राहवलं नाही. ते म्हणाले, "आमच्या पोरीनं आपल्या लोकांचं अ‍ॅप बनवलं. दाखव वो दिव्यानी."

दिव्यानीनं मोबाईल लच्छूभाऊंच्या हातात दिला. हिरवी खूण म्हणजे काय तेही सांगितलं. "हिरवी असली म्हणजे पक्कं, भाऊ. तपासलेलं." लच्छूभाऊंनी स्वतःचं आडनाव टाकलं. सहा देव. हिरवी खूण. "वा रे वा!" ते ओरडले आणि फोन सगळ्यांना फिरवून दाखवला. "बरोबर आहे! पाहा, आमचं झाड बी बरोबर सांगितलं! शाबास पोरी, शंभर वर्षांनी कोणीतरी आमचं खरं लिहिलं."

मग हौसेनं त्यांनी मुलीकडचं आडनाव टाकलं.

मी समोरच बसले होते. त्यांचा अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला. मग ते हळूच म्हणाले, "पत्रूभाऊ, तुमचे देव किती?"

"सात."

"हे सहा म्हणते."

"चुकलं असन. माह्या बापाचे सात, आज्याचे सात."

"हिरवी खूण आहे," लच्छूभाऊ म्हणाले. "तुमच्याच पोरीनं लावली. परक्यानं लिहिलं असतं तं थुकून दिलं असतं मी."

मंगली आत बायकांमध्ये बसली होती, तिला अजून काही माहीत नव्हतं, तिचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. धनराज उठून उभा राहिला, पुन्हा बसला. लच्छूभाऊ म्हणाले, "सहा अन् सहा. म्हणजे हे भाऊ-बहीण झाले. आमच्या गावात हे कळलं तं आम्हाले पाण्याले कोणी शिवणार नाई." मंडळी न जेवता गेली. पातेल्यांवरची झाकणंसुद्धा कुणी उघडली नाहीत.

पत्रूभाऊ मुलीवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मांडवाच्या खांबाला टेकून म्हणाले, "घरात सात म्हणतात हे तुले माहीत नव्हतं काय?"

"होतं, बाबा."

"मंग?"

"दोन्ही पुस्तकांत सहा होतं."

"मले काऊन नाई पुसलं?"

"तुम्हाले पुसलं असतं तं तुम्ही सातच म्हटलं असतं," दिव्यानी म्हणाली आणि ओढणीत तोंड लपवून रडायला लागली.

राजुऱ्याला परत आल्यावर ती ती दोन पुस्तकं घेऊन बसली. जेवायला हाक मारली तरी येईना. मीच ताट घेऊन गेले, तर तिनं दोन्ही पुस्तकं उघडून माझ्यासमोर ठेवली. इंग्रजी मला येत नाही, पण दोन्ही पानांवरच्या ओळी सारख्याच दिसत होत्या. पहिलं पुस्तक इंग्रजांच्या वेळच्या एका साहेबाचं. त्यानं दूरच्या दुसऱ्याच जिल्ह्यात बसून लोकांना विचारलं होतं. दुसरं पुस्तक पुढे कुणी लिहिलं ते त्याचंच उतरवून. म्हणजे पुस्तकं दोन असली तरी साक्षीदार एकच होता, आणि तोही दुसऱ्या गावचा. "काकू," ती म्हणाली, "व्हिडिओवाल्यांवर मी हसत होती."

तिनं त्याच दिवशी ती खूण काढली. पण काढून काय? मांडवातच कुणीतरी काढलेले त्या पानाचे फोटो लच्छूभाऊंच्या गावात फोनाफोनी पसरले होते. मंगलीच्या मैत्रिणीलाही एक आला. त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, 'भावासोबत सोयरिक'.

मंगली आमच्याकडे यायची बंद झाली. धनराज मात्र लपून दिव्यानीला फोन करी. बिचारा एकच विचारी, "बाई, काही झालं काय?" जणू तिनं मोबाईलमध्ये आणखी एखादं बटण दाबलं की सगळं पूर्ववत होईल. मी गुरुवारचा उपास मंगलीच्या नावानं धरला. दुसरं मला काही सुचत नव्हतं.

पौष लागला तेव्हा लच्छूभाऊंचा निरोप आला. पत्रूभाऊ आणि मंगली तो घेऊन राजुऱ्याला आले. बाजाराचा दिवस होता. ओसरीवर बसून पत्रूभाऊ म्हणाले, "लच्छूभाऊनं त्यांच्या म्हाताऱ्यांना विचारलं. म्हातारे म्हणतात, डोंगरावरचे सातही असू शकतात, हरकत नाई. पण लच्छूभाऊचं एक म्हणणं आहे."

"काय?" मी विचारलं.

"अ‍ॅपमधी आमच्या नावापुढं सात लिहायचं अन् त्याले हिरवी खूण लावायची. मंग त्यांच्या गावातले लोकं ज्या मोबाईलवर बोट दाखवतात, त्याच मोबाईलवर त्यांचं तोंड बंद होते. खूण लागली का लग्न चैतात."

मला तर पटकन हलकं वाटलं. मी म्हटलं, "मंग लाव ना वो दिव्यानी. देव काय मोबाईलमधी पाहते? पोरीचं भलं होऊन राह्यलं."

दिव्यानी उंबऱ्यात उभी होती. "काकू, खोटी खूण लागली म्हणून तं हे झालं."

"आता खरी लाव."

"खरी आहे हे मले कुठी माहीत आहे? आमच्या डोंगरावर सात म्हणतात. नदीपलीकडे याच आडनावाचे लोकं सहा म्हणतात, अन् त्यांच्या पोरी सात देवांच्या घरी दिल्या आहेत. मी सातवर खूण लावली तं उद्या त्या पोरी नवऱ्याच्या बहिणी ठरतात. कुठल्या तरी मांडवात कोणीतरी असाच फोन काढन."

मंगली इतका वेळ खाली पाहत होती. ती उठली. "त्या पोरी तुह्या कोण लागतात, बाई?"

दिव्यानीनं दाराची चौकट धरली.

"सांग ना. त्या कोण लागतात अन् मी कोण लागतो? तुह्या चौकोनांपायी माह्यावर गाव हसते. खूण काढाले तुले एक दिवस लागला. लावाले काऊन लागत नाई?"

"मंगली, ऐक—"

"नाई ऐकत. तुनं तरी कोणाचं ऐकलं?"

चहा तसाच थंड झाला. मला दोघींचंही पटत होतं, आणि ते फार वाईट होतं. देवाची पोथी वाचताना कसं, पुढच्या पानावर उत्तर असतं. इथे पुढचं पानच नव्हतं. शेवटी दिव्यानी वडिलांजवळ खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, मी खूण लावणार नाई. पण मी स्वतः तिथं जातो. सगळ्यांपुढं सांगतो चूक माही आहे म्हणून. लटारू आजाले सोबत घेऊ."

लटारू आजा म्हणजे त्यांच्या कुळाचा वृत्तांत गाणारे म्हातारे. पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराण्याकडे ते काम. देव कुठून निघाले, कुठली नदी उतरले, कुठे थांबले, हे सगळं त्यांना तोंडपाठ. दिव्यानी आधी त्यांच्याकडे जाऊन आली होती, त्यांचं गाणं तिनं फोनमध्ये भरून आणलं होतं.

मंगली पिशवी घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिली. पत्रूभाऊ म्हणाले, "ठीक आहे. चला."

ठरल्या दिवशी मालकांनी गाडी काढली. मूल गावावरून गडचिरोली, आणि तिथून पुढे जंगलातला रस्ता. मध्ये पोलिसांनी गाडी थांबवून विचारलं, "कुठं?" तर लटारू आजा मागच्या सीटवरून म्हणाले, "देव मोजाले." पोलीस हसला आणि त्यानं सोडून दिलं. गाडीत तेवढंच कुणी हसलं.

धनराजच्या गावात मोहाच्या झाडाखाली माणसं जमली होती. बायका मागे ओळीनं. मीही त्यांच्यात बसले. दिव्यानी उभी राहिली. तिचे हात ओढणी पिळत होते, पण आवाज साफ होता. "ती खूण मी लावली. मी दोन पुस्तकं पाहिली अन् दुसरं पहिल्याचंच उतरवलेलं होतं. माह्या बापाले पुसलं नाई, तुम्हालेही पुसलं नाई. चूक माही आहे, मंगलीची नाई."

लच्छूभाऊ म्हणाले, "मंग त्या अ‍ॅपमधी राजाचं, किल्ल्याचं लिहिलं तेही असंच काय?"

मला वाटलं, आता तरी ही म्हणेल की ते खरं आहे. ती म्हणाली, "काही तसंही असू शकते, भाऊ. मी सारं परत तपासून राह्यली."

माणसांत कुजबुज झाली. लच्छूभाऊंचा चेहरा उतरला. त्या दिवशी मांडवात फोन सगळ्यांना फिरवून दाखवणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. ते म्हणाले, "पहिले साहेबानं आमचं बिघडवलं. आता आमच्याच शिकलेल्या पोरी बिघडवून राह्यल्या. अन् वर म्हणतात तपासून राह्यली!"

मग लटारू आजांनी घसा खाकरला, तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा बाजूला थुंकला आणि वृत्तांत सांगितला. देव नदीवर आले, एक भाऊ अलीकडे थांबला, एक पलीकडे उतरला, अलीकडे थांबलेल्यानं सातवा देव सोबत ठेवला. म्हातारे माना हलवत होते. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस शेवटी म्हणाला, "पटते. आमचे सहा, यांचे सात. पोरगी आणाले हरकत नाई." धनराजच्या आईनं पुढे येऊन आम्हाला पाणी दिलं. लच्छूभाऊ उठून गेले. जाताना म्हणाले, "तुम्ही करा लग्न. माह्या पुतण्याच्या लग्नात मी नाई."

परतताना गाडीत दिव्यानीनं फोन कानाला लावून काहीतरी ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आजा, माह्याजवळ तुम्ही गायलं त्याच्यात दोन भाऊ नव्हते. एकच होता. अन् नदी बी दुसरी होती."

आजा खिडकीतून बाहेर पाहत होते. "असन."

"मंग खरं कोणतं?"

"तिथं ऐकणारे ते होते. त्यांची नदी घेतल्याबिगर त्यांचे देव कसे उतरतीन?"

"म्हणजे तुम्ही बनवून सांगितलं?"

"मी बनवत नाई," आजा रागावले. "माह्या बापानं दोन्ही गायले. कोणतं कुठं गायाचं ते मले कळते. तुह्या डब्याले कळते काय?"

पत्रूभाऊ म्हणाले, "दिव्यानी, आता पुरे." फोन तिनं ओढणीच्या टोकात गुंडाळून ठेवला. तिथं मोहाखाली ती हे सगळं ऐकत होती आणि गप्प राहिली होती, हे मला तेव्हा कळलं. बोलली असती तर मंगलीचं लग्न तिथंच मोडलं असतं.

लग्न चैत्रात झालं. आम्ही गेलो होतो. मांडवात मुलाकडचे लोक कमी होते. लच्छूभाऊ आले नाहीत, त्यांच्या घरचं कुणीच आलं नाही. दिव्यानीनं सगळी कामं केली, वाढलं, भांडी घासली. मंगली तिच्याशी बोलली, पण कामापुरतं. "पाणी दे." "ते पातळ कुठं ठेवलं?" एवढंच.

अ‍ॅप अजून लोकांसाठी उघडलेलं नाही. सगळ्या हिरव्या खुणा तिनं काढल्या. आता प्रत्येक गोष्टीखाली कुणी सांगितलं, कुठल्या गावात, आणि ऐकायला कोण होतं, हे लिहिते. एकाच माणसानं दोन प्रकारे सांगितलं तर दोन्ही ठेवते. संस्थेचे लोक म्हणतात, हे फार लांबतंय, मुलांना एकच उत्तर हवं असतं. ती एसटीनं गावोगाव जाते, परत येऊन जेवते आणि लिहीत बसते. पूर्वी ती काम करताना गुणगुणायची. आता नाही.

काल दुपारी मंगलीचा फोन आला. लग्नानंतर तिनं आपणहून केलेला पहिलाच. मी दारात गहू पाखडत होते, दिव्यानीनं फोनचा आवाज मोठा केला होता.

"बाई, आमच्या इथं देवाचं जेवण होतं," मंगली म्हणाली. "साऱ्या सुना भात शिजवाले बसल्या. मी गेली तं लच्छूकाकाची बायको म्हणाली, तू राहू दे. तुह्या देवांचं अजून पक्कं नाई."

"मंग?"

"मंग काय. लाकडं आणून देल्ली अन् दूर बसली. धनराज भांडाले निघाला होता, मीच थांबवलं. बाई, हे पक्कं कधी होईन?"

मला वाटलं दिव्यानी काहीतरी धीराचं बोलेल, 'लवकरच' म्हणेल, 'देव पाहून घेईल' म्हणेल. मी तर तेच म्हटलं असतं.

"मले माहीत नाई, मंगली," ती म्हणाली.

मग मंगली म्हणाली, "बरं," आणि तिनं फोन ठेवला.